गॅरेजमधली ओल आणि हवामानाच्या चौकटीतला दवबिंदू

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात हवामानाची चौकट रोज छापली जाते. तिच्यात कमाल आणि किमान तापमान असते, आर्द्रतेची टक्केवारी असते, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. दवबिंदू मात्र नसतो. घराच्या गॅरेजमध्ये किंवा एखाद्या मोकळ्या खोलीत ज्यांनी आपले छोटेसे वर्कशॉप थाटले आहे, त्यांना या एका आकड्याची फार गरज असते, हे आपल्या लक्षात आणून द्यावे आणि त्याचा उपयोग नेमका काय, हे जरा सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु गंजलेली हत्यारे, फुगलेले प्लायवुड, बुरशीने काळवंडलेले कोपरे आणि ओल धरलेले स्विचबोर्ड यांचे नुकसान किरकोळ नसते, आणि माझ्या पाहण्यात त्यातले पुष्कळसे नुकसान निष्काळजीपणामुळे होत नाही. भलत्या वेळी केलेल्या चांगल्या उपायांमुळे होते.

हवेत वाफेच्या रूपाने पाणी असते, आणि हवा जितकी उबदार तितकी ही वाफ अधिक मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, तर १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. हवा थंड होत गेली की एका ठरावीक तापमानाला तिच्यातली वाफ मावेनाशी होते आणि थेंब धरू लागतात. ते तापमान म्हणजे त्या हवेचा दवबिंदू. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तो याच कारणाने, आणि गॅरेजच्या फरशीला, पत्र्याला किंवा यंत्राच्या बिडाला फुटतो तोही याच कारणाने. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा गॅरेजमध्ये ४५ घनमीटर हवा असते. ती ३० अंशांची आणि ८० टक्के आर्द्रतेची, म्हणजे मावू शकेल त्याच्या ८० टक्के वाफ असलेली, असेल तर तिच्यात सुमारे एक लिटर पाणी तरंगत असते, आणि हीच हवा २० अंशांच्या थंड पृष्ठभागांना टेकून निवली तर त्यातले सुमारे ३०० ग्रॅम पाणी त्या पृष्ठभागांवर उतरते. दार उघडे असेल तर ओली हवा पुन्हा पुन्हा आत येते आणि तिच्यातले पाणी पुन्हा पुन्हा उतरत राहते.

आर्द्रतेची टक्केवारी इथे दिशाभूल करते ती अशी. पहाटे १५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली की आपण हवा ओली समजतो, आणि दुपारी ३० अंशांना ६० टक्के असली की कोरडी. वस्तुतः पहाटेच्या त्या हवेत घनमीटरमागे साडेअकरा ग्रॅम पाणी असते आणि दुपारच्या हवेत अठरा ग्रॅम. पहिलीचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास, दुसरीचा २१ च्या आसपास. म्हणजे रात्रभर निवून २० अंशांवर आलेल्या फरशीला पहाटेची हवा काही करणार नाही, पण ‘आता ऊन पडले, जरा वारा खेळू द्या’ म्हणून दुपारी शटर वर केले की फरशी ओली होईल. हे कोडे पुष्कळांना पडते आणि मग बिचाऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावणे जाते.

उपायाआधी ओल कुठून येते हे ओळखले पाहिजे, कारण तिचे तीन मार्ग आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पाऊस झाल्यावरच दिसणारी, सांध्याजवळ किंवा स्क्रूच्या भोकाशी सुरू होऊन ओघळत खाली येणारी ओल ही गळती. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत चढलेली, गिलाव्याला पांढरा लोणा लावणारी आणि कोरड्या दिवसांतही न हटणारी ओल ही जमिनीतून वर येणारी. आणि सकाळी किंवा हवा पालटताच सगळ्यात थंड वस्तूंवर, म्हणजे लोखंडावर, काचेवर, पत्र्याच्या आतल्या अंगाला, बारीक आणि सारख्या थेंबांनी दिसणारी ओल ही हवेतली. फरशीबाबत शंका असेल तर साधारण दोन फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा जाड कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून फरशीवर घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूला पाणी धरले किंवा खालचा कोबा काळपट झाला तर ओल जमिनीतली. वरच्या बाजूला पाणी दिसले तर हवेतली. या साध्या चाचणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तरीही ती न करता फरशी फोडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

जमिनीतली ओल थांबवायची खरी वेळ कोबा घालण्यापूर्वीची. खाली जाड पॉलिथिनचा अखंड पडदा, त्याचे जोड एकमेकांवर चढवून चिकटवलेले, आणि फरशीला दाराकडे थोडासा उतार, एवढे केले तर पुढे कितीतरी कटकटी वाचतात. नवा कोबा स्वतःच कित्येक महिने पाणी सोडत असतो. चार इंचांचा थर वाळायला साधारण तीन-चार महिने धरावेत आणि तोवर त्यावर रंग किंवा रबरी चटई घालण्याची घाई करू नये. गळतीबद्दल वेगळे काय सांगावे? पन्हळी साफ ठेवाव्यात आणि छपराचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी न साचता दूर जाईल असे पाहावे.

हवेतल्या ओलीचा विचार मात्र वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. येथे नियम एकच: पृष्ठभागाचे तापमान हवेच्या दवबिंदूच्या वर राहिले पाहिजे. हे दोन मार्गांनी साधते. एक तर पृष्ठभाग उबदार ठेवायचा किंवा हवेतले पाणी कमी करायचे. वारा खेळता ठेवणे हा दुसऱ्या मार्गातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण तो तेव्हाच लागू पडतो जेव्हा बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्यापेक्षा आणि आतल्या सर्वांत थंड पृष्ठभागापेक्षा कमी असतो. काही थंड दिवसांनंतर हवा एकाएकी उबदार आणि दमट झाली की हा प्रसंग हटकून येतो. बाहेरची हवा काही तासांत पालटते, पण कोबा, जाड भिंती आणि ओतीव बिडाची यंत्रे आदल्या दिवसांचा गारवा पुढे दिवस-दोन दिवस धरून ठेवतात. त्या दिवशी दारे-खिडक्या मिटून ठेवणे हाच शहाणपणा असतो, आणि नेमके त्याच दिवशी बहुतेक जण ‘कोंदट झाले आहे’ म्हणून सगळे सताड उघडतात.

अशा वेळी ड्रिल मशीनच्या बिडाच्या टेबलाकडे जवळून पाहावे. पहिल्यांदा त्याची चकाकी जाते आणि वर दुधाळ धूसर थर दिसतो. बोट फिरवले तर त्यात स्वच्छ रेघ उमटते. थोड्या वेळाने तो थर बारीक थेंबांचा होतो. थेंब सुकून गेले तरी दुसऱ्या दिवशी तिथे मोहरीएवढे नारिंगी ठिपके उठलेले असतात, आणि ज्या ठिकाणी आदल्या दिवशी कुणाचा घामेजलेला हात टेकला होता तिथे तर पंजाची आकृती गंजाने उमटते, कारण घामातले मीठ गंजाला जोर देते. लोखंड गंजायला थेंबच पडावे लागतात असेही नाही. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर टिकू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. म्हणून हत्यारांच्या खोलीत ५० ते ६० टक्क्यांचे लक्ष्य ठेवावे.

हे सगळे मोजण्यासाठी एक आर्द्रतामापक आणि एक तापमापक पुरतो. स्वस्त आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन त्यात ते विरघळणार नाही, नुसते ओले होईल इतके पाण्याचे थेंब टाकावेत आणि ते टोपण व मापक एकाच हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवावे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक जितका कमी-जास्त दाखवील तितकी त्याची चूक समजावी. दवबिंदू काढायला सोपे गणित आहे: आर्द्रता १०० टक्क्यांहून जितकी कमी, त्यातल्या दर ५ टक्क्यांमागे हवेच्या तापमानातून एक अंश वजा करावा. २५ अंश आणि ८० टक्के असेल तर दवबिंदू २१ च्या जवळपास. ५० टक्क्यांच्या वर हा आडाखा कामापुरता बरोबर येतो. फरशीचे किंवा यंत्राचे तापमान दुरून मोजणारी बंदूक असेल तर तीही कामी येते. फक्त चकचकीत धातूवर ती खोटे आकडे दाखवते, तेव्हा तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

पत्र्याचे छप्पर असलेल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. त्यामुळे बाहेर पावसाचा थेंब नसताना आतून पत्रा पाझरतो आणि खाली ठेवलेल्या लाकडावर ठिपके पडतात. लोक छपराला छिद्र शोधत बसतात. छिद्र कुठेच नसते. यावर उपाय म्हणजे पत्र्याच्या आतल्या अंगाला उष्णतारोधक थर देणे, पण तो अर्धवट दिला तर न दिल्यापेक्षा वाईट. थर्मोकोलचे तुकडे पत्र्याखाली सैल बसवून मध्ये फटी ठेवल्या तर दमट हवा त्या फटींतून वर जाते, पत्र्याला टेकून तिचे पाणी होते आणि ते थरामागे दिसेनासे साचत राहते. काचलोकर एकदा भिजली की तिचा उपयोग संपतोच, शिवाय ती पाणी धरून ठेवते. म्हणून थर पत्र्याला सलग चिकटलेला असावा, त्याचे जोड बंद असावेत आणि ज्या बाजूला हवा उबदार व दमट असते त्या बाजूला वाफ अडवणारा पडदा असावा. थंडीत आतून गरम केलेल्या खोलीत ती बाजू आतली असते. वातानुकूलित वर्कशॉपमध्ये ती बाहेरची होते, हे पडदा लावणारा कारागीर बहुधा विचारात घेत नाही, तेव्हा ते मालकाने घ्यावे. नवे छप्पर घालायचे असेल तर आतल्या बाजूला पाणी शोषणारे लवदार अस्तर चिकटवलेले पत्रे मिळतात. रात्री धरलेले पाणी ते अस्तर दिवसा सोडते, मात्र ते बाहेर जायला छपराच्या माथ्याशी झरोका लागतोच.

आणि एक कळकळीची सूचना. थर्मोकोल किंवा फोम उघडा ठेवू नका. ग्राइंडरची किंवा वेल्डिंगची एक ठिणगी त्याला पुरते, आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. त्यावर जिप्समचे किंवा सिमेंटचे बोर्ड बसवल्याशिवाय त्या खोलीत ठिणगीचे काम करू नये.

खोली उबदार ठेवण्यासाठी गॅसची किंवा रॉकेलची शेगडी पेटवणे हा सर्वांत चुकीचा मार्ग आहे. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. शेगडी चालू असेपर्यंत बरे वाटते, ती विझली की तेच पाणी भिंतींवर आणि हत्यारांवर बसते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे तो वेगळाच. त्या वायूला ना वास ना रंग. विजेची मंद उष्णता मात्र लहान जागेत उत्तम काम करते. संपूर्ण गॅरेज तापवण्याऐवजी हत्यारांच्या बंद कपाटात कमी वॅटचा नळीसारखा हीटर बसवावा. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना कपाटातली हवा २८ अंशांवर नेली तर तिची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते आणि ३२ अंशांवर नेली तर सुमारे ६० वर. पाणी तेवढेच असते, पण हत्यारावर ते बसत नाही. हीटरजवळ तेलाच्या चिंध्या किंवा थिनरचे डबे ठेवू नयेत, हे सांगायला नकोच.

आर्द्रता शोषणारे यंत्र घ्यायचे असेल तर दार-खिडक्यांच्या फटी आधी बुजवाव्यात, शटरच्या तळाला रबराची पट्टी लावावी. नाहीतर ते यंत्र साऱ्या जगाची हवा कोरडी करण्याच्या खटपटीत राहते. कॉम्प्रेसरवर चालणारी यंत्रे १५ अंशांच्या खाली फारसे पाणी काढत नाहीत, थंड जागेसाठी शोषक चक्र (ओल ओढणारे द्रव्य लावलेले फिरते चाक) असलेली यंत्रे बरी. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खोलीत ठेवणे व्यर्थ आहे. त्या हवाबंद पेटीतच उपयोगी पडतात आणि सुमारे १२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतात. कॅल्शियम क्लोराइडचे डबे पुष्कळ पाणी ओढतात हे खरे, परंतु त्यात साचणारे खारे पाणी लोखंडाचा वैरी असते. तो डबा हत्यारांच्या वरच्या फळीवर कधीही ठेवू नये.

बाकी सवयी साध्या आहेत, पण त्या रोजच्या असाव्या लागतात. भुसा पाणी ओढतो, म्हणून काम संपले की यंत्राच्या टेबलावरून तो झाडून काढावा आणि धातूवर मेणाचा किंवा तेलाचा पातळ हात फिरवावा. यंत्रावर प्लास्टिक झाकले तर ओल आत कोंडते. त्यापेक्षा जाड सुती कापड चांगले. पटाशी, रंध्याची पाती चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नयेत, चामडे ओल धरते. लाकूड आणि सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून उचलून आणि भिंतीपासून चार बोटे सरकवून ठेवाव्यात. पावसातून आलेली गाडी आत घेण्याआधी तिचे पाणी बाहेरच निथळू द्यावे, कारण तापलेल्या इंजिनाच्या उबेने ते सगळे पाणी गॅरेजच्या हवेत जाते. गाडी आत उभी राहत असेल तर झरोके खालीही हवेत आणि वरही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि उबदार दमट हवा वरून बाहेर पडते.

एअर कॉम्प्रेसरकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्याचा उल्लेख मुद्दाम करतो. हवा दाबली की तिच्यातली वाफ मावत नाही आणि टाकीच्या तळाशी पाणी साचते. तळाचा कॉक वापरानंतर रोज सोडला नाही तर टाकी आतून गंजत जाते, पत्रा पातळ होतो आणि दाबाखाली ती फुटू शकते. बाहेरून रंग अगदी नवा दिसत असताना हे घडत असते. तीच गोष्ट विजेची. ओलसर भिंतीवरचे सॉकेट, जमिनीवर लोळणारी जोडवायर आणि अनवाणी पाय हे एकत्र येऊ देऊ नये; वर्कशॉपच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, असावा आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

आता पुन्हा आपल्या चौकटीकडे येतो. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी ज्याच्या त्याने आपापल्या जागेत करायच्या आहेत. पण आज शटर उघडावे की मिटून ठेवावे, हा निर्णय बाहेरच्या हवेच्या दवबिंदूवाचून घेता येत नाही, आणि तो आकडा काढायला लागणारी तापमान व आर्द्रता ही दोन्ही मोजमापे हवामान केंद्रांकडे एकाच वेळी घेतलेली असतातच. केंद्रांच्या नोंदींत दवबिंदूचा रकानाही असतो. आपल्या चौकटीत सकाळचा आणि दुपारचा असे दोन दवबिंदू छापले तर एका ओळीहून अधिक जागा लागणार नाही. आज कमाल आर्द्रता एका वेळेची आणि कमाल तापमान दुसऱ्याच वेळेचे असे छापले जाते, त्यामुळे वाचकाने त्या दोन आकड्यांवरून स्वतः गणित करायचे ठरवले तर उत्तर हमखास चुकते. धान्य साठवणारे, ग्रंथालये सांभाळणारे, रंगकाम करणारे यांनाही हाच आकडा लागतो. रंगाऱ्यांत तर पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम असल्याशिवाय लोखंडाला रंग लावू नये असा दंडकच आहे.

आकडा छापायला सुरुवात करताना पहिल्या आठवड्यात त्याखाली दोन ओळींची टीप द्यावी: ‘आपल्या फरशीचे किंवा यंत्राचे तापमान या आकड्यापेक्षा कमी असेल तर दार उघडू नये, दोन-तीन अंशांनी अधिक असेल तर खुशाल उघडावे.’ वाचक पुढचे आपले आपण पाहून घेतील. आपण या सूचनेचा विचार करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक